अभय तिकडे कोणाचा

आमच्या घरातला चहा बंद झाला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी आई कोणाशीच धड बोलली नाही. अर्विंगमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये ओट्याच्या वरच्या कपाटात चहाची पुडकी रचलेली असायची. काही नगरहून आणलेली, काही इंडियन स्टोअरमधली. ती सगळी तिने एका पिशवीत भरली आणि खाली राहणाऱ्या कुलकर्णी काकूंना नेऊन दिली. काकू नागपूरच्या, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "अहो शालूताई, देव काय कपात डोकावून बघतो का?" आई म्हणाली, "बघतो म्हणतात. राहू द्या तुमच्याकडे." त्यानंतर दुपारचे चार वाजले की आईला खाली जायला काहीतरी निमित्त सुचायचं. कधी कढीपत्ता, कधी दह्याचं विरजण. काकू आलं किसून चहा करायच्या आणि प्यायच्या, आई समोर बसून राहायची. "नुसता वास घेते हो. वासाला कुठे बंदी आहे?" असं म्हणायची आणि वीस मिनिटांनी वर यायची.

तर आम्ही मॉर्मन झालो होतो, आणि मॉर्मनांना चहा-कॉफी वर्ज्य. हे मराठी माणसाला सांगितलं की तो आधी हसतो, मग डोळे मिचकावून विचारतो, तुमच्यात किती बायका करतात. विचारू दे. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. पणजोबांच्या वेळेपासून रविवारची मंडळी, पेटी-तबल्यावरची गीतं, नाताळच्या करंज्या, पाळकसाहेब जेवायला आले की कोंबडी, असं आमचं सगळं ठरलेलं होतं. पपांना अमेरिकेत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं आणि आम्ही टेक्ससच्या उन्हात येऊन पडलो. त्याच शरदात न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले. आमच्या रंगाच्या माणसांकडे बघायची लोकांची नजर एका आठवड्यात बदलली. पेट्रोल पंपावर एकजण पपांच्या गाडीवर थुंकला. पपा घरी आले आणि कधी नव्हे ते बादली घेऊन गाडी धुवायला लागले, तेव्हा आईने ओळखलं. ती घराबाहेर पडायचीच बंद झाली.

आणि मग एके दिवशी दारात दोन पोरं उभी राहिली. पांढरे शर्ट, काळे टाय, छातीवर नावाची पट्टी, उन्हाने लाल झालेले कान. खाली सायकली. पट्टीवर नावाआधी 'एल्डर' लिहिलेलं. आई म्हणाली, "मिसरूड नीट फुटलं नाही अन् म्हणे वडीलधारे." पण पाणी दिलं, मग थालीपीठ दिलं, मग ती रोजच यायला लागली. ती आईबरोबर चालत स्टोअरपर्यंत जायची, एक पुढे एक मागे, आणि पिठाची पिशवी खांद्यावर टाकून जिना चढायची. त्यांच्या मंडळीतल्या बायका झाकलेल्या डिशेस घेऊन आल्या. त्यातली एक आईशेजारी सोफ्यावर तासभर बसली, आणि दोघींना एकमेकींचं अर्धंही कळत नव्हतं तरी आईचा हात तिने सोडला नाही. लोक धर्म बदलायची मोठी मोठी कारणं सांगतात. आमच्या घराचं कारण ती पिठाची पिशवी होती, आणि मला अजूनही ते कारण हलकं वाटत नाही.

पपांचं कारण मात्र वेगळं होतं. त्या पोरांनी एका संध्याकाळी सांगितलं, की आमच्याकडे कुटुंब मरणाबरोबर सुटत नाही. टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या मंडळीहून वेगळ्या खास मंदिरात, नवरा-बायको आणि मुलं कायमची बांधली जातात. जे आधी मेले, त्यांच्यासाठीही जिवंत माणसाने उभं राहून ते करता येतं. पपा हातातला घास तसाच धरून बसले. कारण आमच्या घरात एक मेलेलं माणूस होतं. पपांची पहिली बायको सुलभा. माझा भाऊ अभय दीड वर्षाचा असताना ती तापाने गेली. वर्षभराने पपांनी आईशी लग्न केलं, मग मी झाले. यात लपवालपवी काही नव्हती. सुलभाचा फोटो हॉलमध्ये होता, आई तो शनिवारी पुसायची आणि तिला 'ताई' म्हणायची, कधी पाहिलेली नसताना. अभयदादाला सगळं ठाऊक होतं. आणि तरी सोळाव्या वर्षीही तापात त्याला आईच्याच हातचा कालवलेला वरणभात लागायचा. मी केला तर म्हणायचा, "याला आईच्या बोटांची चव नाही." मी त्याला दुष्ट म्हणायचे.

टेंपलला जायला वर्षभर थांबावं लागतं. नियमाने राहावं लागतं, तेव्हा आत जायची परवानगी मिळते. आई त्या वर्षात चहाला शिवली नाही. मग एका शनिवारी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत त्या खोलीत होतो. गालिचा इतका जाड, की पावलाचा आवाज येत नव्हता. मध्ये मखमली वेदी. आधी ताईचं. ताईच्या जागी कोणी बाई हवी होती, आणि आई स्वतःहून म्हणाली होती, मी बसते. ती पपांच्या समोर गुडघे टेकून बसली, पपांचा हात हातात घेतला, इंग्रजीत ताईचं नाव अडखळत वाचलं गेलं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिला वाटत होतं, थोरल्या बहिणीचं राहून गेलेलं काम आपल्या हातून होतंय. मग दादाला बोलावलं, त्याने त्या दोघांच्या हातांवर हात ठेवला. ते झालं. मग आई आपल्या स्वतःच्या नावाने बसली आणि मला बोलावलं. मी हात ठेवला. आईने हात जरासा सरकवला, जागा केली. मला वाटलं माझा हात नीट बसावा म्हणून. दादा भिंतीशी उभा होता, हसत होता. त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. आई एकदा त्याच्याकडे बघून हसली. मला आता तो दादासाठी सरकवलेला हात आठवतो आणि बाकी काही आठवेनासं होतं.

बाहेर येऊन आम्ही फोटो काढले. आई खूश होती. इंग्रजी तिला रोजच्यापुरतं यायचं, तिथली भाषा जुन्या वळणाची. आणि पपांनी तिला नीट समजावलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी समजावलं होतं, की हे ताईसाठी आहे. पोर तिचं होतं, ती त्याला वाढवू शकली नाही, निदान मेल्यावर तिकडे तरी तिला तिचं पोर मिळावं. पपांना तो न्याय वाटला. भला माणूस भलेपणाने जे करतो त्यातलंच ते होतं. फक्त त्याचा दुसऱ्या बाजूने अर्थ काय होतो, हे आई-पपा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आणलं एका फळ्याने. बायकांच्या रविवारच्या वर्गात एका बाईने प्रत्येकीला आपलं कायमचं कुटुंब फळ्यावर मांडायला सांगितलं. आईने हौसेने मांडलं, मध्ये पपा, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला ती, तिच्याखाली अभय आणि मी. ती बाई प्रेमाने म्हणाली, नाही, तुमचा मुलगा इकडे येतो, आणि दादाचं नाव पुसून ताईखाली लिहिलं. दुष्टपणा मुळीच नव्हता. चूक दुरुस्त केली, एवढंच. आई घरी आली, भाकरी थापायला बसली आणि परातीतून मान वर न करता म्हणाली, "अहो, अभय तिकडे कोणाचा?"

"आपला," पपा म्हणाले.

"आपला म्हणजे कोणाचा? माझा की ताईचा?"

पपा खोटं बोलू शकत नसत. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तुझाच गं बाई, आणखी कोणाचा. विषय तिथेच मिटला असता. पपा म्हणाले, "मी वाचून सांगतो."

हे तीन शब्द आमच्या घरात पुढे किती वर्षं घुमले! पपा टेस्टिंगवाले. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की तो नोंदवायचा, कारण शोधायचं, बंद करायचा, हा त्यांचा धंदा. त्यांना वाटलं, आईला एक प्रश्न पडलाय, त्याला उत्तर असणार. आणि उत्तरं होती. आमच्या धर्माच्या बाजूने लिहिणारे विद्वान होते, इंटरनेटवर त्यांचे लांबलचक लेख होते. पपा ते ऑफिसात छापून आणायचे, पिवळ्या हायलायटरने रंगवायचे, जाड फायलींत लावायचे. एकदा युटाला, आमच्या धर्माच्या मुख्य ठिकाणी, जाऊन तसल्या विद्वानांची भाषणं ऐकून आले, सीडी घेऊन आले. मग इंडियन स्टोअरला जाताना गाडीत गाणी बंद आणि सीडी चालू. आई मागे बसून खिडकीतून बाहेर बघायची. पपा आरशातून म्हणायचे, "ऐकलंस ना शालू? ते म्हणतात, हे बंधन म्हणजे पत्ता नव्हे. कोण कुणाच्या घरात राहील असा त्याचा अर्थ नाही." आई म्हणायची, "बरं." पुढच्या आठवड्यात दुसरं. तिकडे मत्सरच उरणार नाही, त्यामुळे दुःखही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात, देव सगळं नीट करेल, आज आपल्याला अर्धंच दिसतंय. पपा खुशीत टाळी वाजवून म्हणायचे, "चला, हा इश्यू क्लोज."

आई बरं म्हणायची आणि पुन्हा महिन्याभराने तोच प्रश्न विचारायची, त्याच शब्दांत. पपा हैराण. "अगं, परवा सांगितलं की!"

"सांगितलंत. पण कोणाचा ते नाही सांगितलंत."

त्या फायली मीही वाचल्या, वयच तसं होतं. खरं सांगते, आमच्या संस्थापकाच्या अनेक बायकांची गोष्ट मला कुठल्या शत्रूने सांगितली नाही. ती मला पपांच्या फायलीत, उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात भेटली. उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न लिहावा लागतो ना. मला न पडलेले कितीतरी प्रश्न मी असे शिकले, उत्तरांसकट. उत्तरं चांगली होती, मेहनतीने लिहिलेली होती. रात्री अंथरुणात मला प्रश्न आठवायचे, उत्तरं आठवायची नाहीत.

पण एकतर्फी बोलणं मला आवडत नाही, म्हणून हेही लिहिते. आमच्या मंडळीत एक शाळामास्तर होता, टेक्ससचाच, तीन पोरांचा बाप. इतिहासाचं काहीबाही वाचून तो सोडून जायच्या बेतात होता. पपांनी त्याच्याबरोबर कित्येक शनिवार फायली उघडून घालवले. तो राहिला. एका रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून रडत म्हणाला, या भारतीय भावाने माझं घर वाचवलं. तो आजही तिथेच आहे, नातवंडं झाली त्याला. तेव्हा त्या लेखांनी माणूस टिकत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. त्याची अडचण डोक्यात होती, त्याला डोक्याचं औषध लागू पडलं. आई त्या दिवशी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. पपा आईकडे बघत होते.

दादा एकोणीस वर्षांचा झाला आणि त्याच पांढऱ्या शर्टात, छातीवर पट्टी लावून दोन वर्षांसाठी प्रचाराला गेला, ओहायोला. तेव्हा त्या पोरांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळात आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याला एक ईमेल. पपा ईमेलमधून त्याला लेख पाठवायचे, आईचा प्रश्नही त्यांनी त्याला कळवला होता. तू तिचा लाडका, तू समजावलंस तर तिला पटेल, असं. हे आईला ठाऊक नव्हतं.

त्या मदर्स डेला आईने पहाटेपासून घर आवरलं, जणू तो फोनमधून घर बघणार होता. त्याला आवडतात म्हणून शेंगोळे केले. कशासाठी, तर तो तिकडून विचारेल काय केलंस, तर सांगता यावं. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, स्पीकर लावला, भोवती आम्ही तिघं. दादाचा आवाज मोठा आणि गुळगुळीत झाला होता. आधी पपा बोलले, मग मी चिडवलं, मग आईने खुर्ची पुढे ओढली. शेंगोळ्यांचं राहिलंच. तिने एकदम विचारलं, "अभय, तिकडे गेल्यावर तू माझ्याकडे येशील ना रे?"

फोनवर दादाने घसा साफ केला. मग दादा म्हणाला, "आई, दॅट्स अ रिअली गुड क्वेश्चन."

आणि तो बोलायला लागला. दारोदार रोज बोलत होता तसं, थांबत, समजावत, पुढच्याला घाई न करता. बंधन म्हणजे पत्ता नव्हे. तिकडे मत्सर नसेल. देवावर विश्वास ठेव, आज आपल्याला अर्धंच दिसतंय. एकही शब्द चुकीचा नव्हता. पपा मान डोलवत होते, त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला दुसरीकडे बघावं लागलं. आई पूर्ण ऐकून घेत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "बरं. जेवलास का रे?"

फोन ठेवल्यावर तिने शेंगोळे वाढले. स्वतः खाल्ले नाहीत. त्या माउलीला लेख नको होता, एक 'हो' हवा होता. देवाचा नव्हे, त्याचा. तो घरी असताना विचारलं असतं तर तो धावत येऊन गळ्यात पडला असता याबद्दल मला शंका नाही. पण त्याला प्रश्न आधीच पोहोचला होता, उत्तरही पोहोचलं होतं, आणि वीस वर्षांच्या पोराला वाटलं की आपल्याला उत्तर येतंय म्हणजे ते द्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आई खाली गेली आणि कुलकर्णी काकूंकडून चहाचं पुडकं घेऊन वर आली. काकू मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. आल्याचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवून त्या मागे फिरल्या. आईने आधण ठेवलं, आलं ठेचलं, दूध घातलं. एक कप गाळला आणि खिडकीशी उभी राहून प्यायली. पपा ऑफिसातून आले तेव्हाही घरात वास होता. ते बूट न काढताच दारात थांबले.

"शालू, हे काय?"

"चहा."

"अगं पण—"

"अहो," आई म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "आता काही वाचून सांगू नका."

पपा बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. मंडळीतल्या बायका येत राहिल्या, डिशेस आणत राहिल्या, आई त्यांना प्रेमाने खाऊ घालायची. भांडली कोणाशी नाही. टेंपलची परवानगी संपली ती तिने पुन्हा मागितली नाही, एवढंच. आणि पपांच्या मनात एक भीती घर करून बसली ती मला दिसत होती. नियम सोडले की ते बंधन टिकत नाही, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तिकडे आता ताई असणार होती, दादा असणार होता, आणि आई कुठे असेल ते कुठल्याच लेखात नव्हतं. तरी ते वाचत राहिले. आता स्वतःसाठी वाचत होते.

दादा परत आला तेव्हा मंडळीने विमानतळावर फुगे आणले होते. घरी आल्यावर त्याला दारातच वास आला. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, आईच्या मागे उभा राहिला, आणि ते काय बोलले त्यातलं मला एवढंच ऐकू आलं. दादा म्हणाला, "मी चुकीचं बोललो का आई?" आई म्हणाली, "नाही रे. अगदी बरोबर बोललास." आणि तिने त्याला दूध दिलं, साखर घालून, कारण त्याचं व्रत तिला मोडायचं नव्हतं. तो ओट्याला टेकून ते दूध पीत रडला. नोकरीसाठी फ्रीमाँटला गेल्यावर त्याने हळूहळू जाणं सोडलं. मला म्हणाला, "प्रीती, मला उत्तरं सगळी पटतात गं. पण मी ती ज्या आवाजात आईला दिली, तो आवाज मला पुन्हा ऐकवत नाही." आता तो देवच मानत नाही. मी मानते की नाही हे अजून मला ठरवता आलेलं नाही. नाताळला मात्र जाते, गाण्यासाठी.

आई मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात गेली. टेंपलच्या पांढऱ्या कपड्यांत नव्हे, हिरव्या साडीत पुरली, तिने सांगितलं होतं तसं. पपांनी एका शब्दाने अडवलं नाही. ते आता माझ्याकडे असतात. फायली त्यांच्या पलंगाखाली आहेत, पण डोळ्यांमुळे वाचता येत नाही. चार वाजले की ते मला चहा ठेवायला सांगतात. पीत नाहीत. व्रत त्यांनी मोडलेलं नाही. आधणाजवळ खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "आलं घाल जरा जास्त."

परवा असेच बसले होते आणि दादाचा फोन आला. मी स्पीकर लावून ओट्यावर ठेवला. हवापाणी झालं, गुडघे झाले, नातवंडांची शाळा झाली. पपा मध्येच थांबले. चहा उकळत होता, मी गॅस बारीक केला.

"अभय," ते म्हणाले, "तुझी आई भेटेल का रे मला तिकडे?"

ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं शोधून दिली, तो हे विचारत होता, आणि ज्याला विचारत होता त्याचा कशावरच विश्वास नव्हता. मी फोनकडे बघत होते.

दादाने जराही वेळ घेतला नाही. "हो पपा," तो म्हणाला. "भेटेल."

पपांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"बरं," ते म्हणाले. "जेवलास का?"